फेफऱ्याचे औषध अर्धशिशीला कसे?

अर्धशिशी ही काही आजकालची व्याधी नव्हे. सुश्रुताने शिरोरोगांची गणना करताना ‘अर्धावभेदक’ हे नाव घेतले आहे, आणि सूर्य वर चढेल तसे वाढणारे व सूर्य कलला म्हणजे उतरणारे जे दुखणे, त्यास ‘सूर्यावर्त’ म्हटले आहे. आजीबाईच्या बटव्यातही याचे उपाय पुष्कळ. कोणी सुंठीचा लेप लावते, कोणी कपाळाला फडके आवळून बांधते, कोणी दिवस उगवण्याच्या आत दूध-जिलेबी खावयास सांगते. १८९३ साली मुंबईत अमृतांजनाचा धंदा सुरू झाला, तो याच दुखण्यांच्या बळावर वाढला असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. इतक्या जुन्या व्याधीवर आजचे वैद्यक जे काही उपाय सांगते, त्यांपैकी एक मात्र ऐकणाऱ्यास बुचकळ्यात टाकणारा आहे. डोके दुखत नसतानाही रोज घ्यावयाची एक गोळी, आणि तीही फेफऱ्यावरची! या गोळीविषयी चार गोष्टी नीट समजून घ्याव्यात, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

कोणत्याही गावात सहज घडतील असे दोन प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एका बाईंना महिन्यातून सहा-सात वेळा अर्धशिशी उठते. डॉक्टरांनी टोपिरामेट नावाची गोळी लिहून दिली. औषधांच्या दुकानातील गृहस्थ चांगल्या भावनेनेच विचारतात, “ताई, घरात कोणाला फिट येते का?” बाईंच्या पोटात धस्स होते. आपल्याला फेफरे आहे आणि डॉक्टरांनी ते सांगितले नाही, असा त्यांचा समज होतो. सासूबाईंच्या कानावर गेले तर काय, या विचाराने गोळ्यांची पट्टी कपाटावर जाते आणि बाई पुन्हा डोके धरून बसतात. दुसऱ्या बाईंनी तीच गोळी, किंवा तिच्यासारखीच व्हॅल्प्रोएट नावाची गोळी, एकदा मिळालेल्या चिठ्ठीवर दोन वर्षे चालू ठेवली. गुण आला होता. मध्यंतरी त्यांचे लग्न झाले. मूल होण्याआधी ही गोळी बदलावी लागते, हे त्यांना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही कोणाला विचारले नाही.

पहिलीने भिण्याचे कारण नसताना भीती घेतली. दुसरी भ्यावयाचे तेथे भ्याली नाही. नुकसान दोघींचेही झाले. दुसरीचे तर कदाचित भरून न येणारे. या औषधाच्या नावाला भिऊ नये आणि त्याच्या गुणदोषांना मात्र जरूर भ्यावे, हेच मला सांगावयाचे आहे.

आधी दुखणे ओळखू या. प्रत्येक डोकेदुखी अर्धशिशी नसते. अर्धशिशीचा झटका उपचार न केल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकतो. डोके बहुधा एका बाजूस, नाडीच्या ठोक्यासारखे ठणकते. जिना चढला, वाकून घागर उचलली की कळ वाढते. मळमळते, पुष्कळदा उलटी होते. उजेड आणि आवाज सोसवत नाहीत. माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. चौघांपैकी सुमारे एकास दुखणे सुरू होण्यापूर्वी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेघा दिसतात, किंवा हाताला, ओठांना मुंग्या येतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत ही व्याधी दुपटी-तिपटीने अधिक, आणि तीही ऐन कर्तेपणाच्या वयात.

ती किती जणांना असते? आपल्या शेजारच्या कर्नाटकात, बेंगळुरू शहर व त्याच्या भोवतालच्या खेड्यांत, घरोघर जाऊन एक पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. १८ ते ६५ वयाच्या माणसांपैकी शंभरात सुमारे पंचवीस जणांना वर्षभरात अर्धशिशी झाल्याचे तीत आढळले. हा आकडा जसाच्या तसा हिंगोली जिल्ह्यास लावता येणार नाही, हे खरे. परंतु २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. तेव्हा या दुखण्याची माणसे येथे हजारांनी मोजावी लागतील, यात शंका नको. त्यातील बहुतेकांचे नाव कोणत्याही दवाखान्याच्या वहीत नसते. ‘डोकेच तर दुखते’ म्हणून ती गप्प असतात.

अर्धशिशीवरचे उपाय दोन प्रकारचे असतात. कयाधूला पूर आल्यावर माणसे व गुरे हलविणे हे एक काम, आणि पूर येऊ नये म्हणून वरच्या अंगाला पाणी अडविणे हे दुसरे. झटका आल्यावर घ्यावयाच्या वेदनाशामक गोळ्या हा पहिला प्रकार. झटकेच कमी यावेत म्हणून रोज घ्यावयाचे औषध हा दुसरा. त्यास प्रतिबंधक उपचार म्हणतात. पहिला प्रकार सर्वांना ठाऊक आहे, किंबहुना जरुरीपेक्षा जास्त ठाऊक आहे. किराणा दुकानातूनही डोकेदुखीची गोळी मिळते. पण महिन्यातील पंधरा वा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या, किंवा दहा वा अधिक दिवस मिश्र गोळ्या घेण्याची सवय तीन महिन्यांहून अधिक टिकली, तर त्या गोळ्यांपासूनच नवी डोकेदुखी उत्पन्न होते. मग गोळीसाठी डोके दुखते की डोक्यासाठी गोळी घेतली जाते, हे कळेनासे होते.

म्हणून महिन्यातील चार किंवा त्याहून अधिक दिवस अर्धशिशीत जात असतील, किंवा दिवस थोडे असले तरी झटका माणसास पार आडवा पाडत असेल, तर डॉक्टर प्रतिबंधक औषधाचा विचार करतात. ही औषधे अनेक आहेत, आणि त्यांतील पुष्कळ औषधे मुळात दुसऱ्याच रोगांसाठी निघाली. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचे व रक्तदाबाचे, अॅमिट्रिप्टिलीन हे उदासीनतेचे. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट ही फेफऱ्याची, म्हणजे अपस्माराची. रक्तदाबाची गोळी डोकेदुखीसाठी घेताना कोणी लाजत नाही; अपस्माराचे नाव निघाले की मात्र आवाज खाली येतो.

मग अपस्माराच्या औषधाने अर्धशिशीला गुण यावा, याचे कारण काय? येथे थोडे इतिहासात शिरावे लागेल. या दोन व्याधी शेजारी आहेत, अशी शंका जुन्या वैद्यांना होती. लंडनचे सुप्रसिद्ध मज्जाविकारतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी १९०७ साली अपस्माराच्या सीमेवरील विकारांवर एक पुस्तकच लिहिले, आणि त्यात अर्धशिशीस स्थान दिले. शेजारी असणे म्हणजे एकच असणे नव्हे, हे त्यांनाही ठाऊक होते. पुढे १९४१ साली कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्याच डोळ्यांपुढे येणाऱ्या नागमोडी रेघा कशा सरकतात ते टिपून ठेवले, आणि हिशेब केला की मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर या गतीने पुढे जात असले पाहिजे. मुंगीपेक्षाही मंद अशी ही चाल!

ते ‘काहीतरी’ काय होते, हे तीनच वर्षांनी दिसले. अरिस्टिडेस लेआव हा तरुण ब्राझिलियन संशोधक हार्वर्ड विद्यापीठात सशांच्या मेंदूवर प्रयोग करीत होता. त्याला अभ्यासावयाचा होता अपस्मार. त्यासाठी तो मेंदूला विजेची चेतना देई. पण अपेक्षित झटक्याऐवजी त्याला भलतेच दिसले. चेतना दिलेल्या जागेपासून मेंदूचे विद्युत्कार्य मंदावत गेले आणि ती मंदीची लाट शांत पाण्यात खडा टाकावा तशी हळूहळू पसरली. तिची गती होती मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर. १९४४ साली त्याने हे प्रसिद्ध केले. अपस्मार शोधावयास गेलेल्या माणसाच्या हाती अर्धशिशीची खूण लागली ती अशी.

आज आपण असे समजतो की अर्धशिशीच्या माणसाचा मेंदू काहीसा हळवा असतो. मज्जापेशी एकमेकींना निरोप देतात, त्यात चेतविणारी रसायने असतात तशी शांतविणारीही असतात. या दोहोंचा तोल चेतविण्याच्या बाजूस झुकलेला असला म्हणजे उपास, जागरण, ऊन, पाळीचे दिवस अशा लहानशा निमित्तानेही लाट उठते. अपस्मारातही तोल बिघडतो, पण तेथे असंख्य पेशी एकाच वेळी बेफाम होतात आणि झटका काही क्षणांत किंवा मिनिटांत येऊन जातो. अर्धशिशीत एक मंद लाट आणि तिच्या मागोमाग चेहऱ्याच्या व मेंदूच्या आवरणाच्या मज्जातंतूंचा दीर्घ ठणका. आजार दोन, पण ज्या जमिनीवर ते उगवतात ती काहीशी सारखी. ही औषधे पेशींच्या भिंतींतील सोडियमचे दरवाजे अर्धवट लोटतात, चेतविणाऱ्या रसायनाचा जोर कमी करतात आणि शांतविणाऱ्याचा वाढवितात. म्हणून ती दोन्हीकडे उपयोगी पडतात. हिंगोलीच्या बाजारातील एकाच दोरीने हळदीचे पोतेही बांधतात आणि गोठ्यातील वासरूही. म्हणून काही पोते वासरू होत नाही. तसेच अपस्माराची गोळी घेतल्याने कोणाला अपस्मार होत नाही, आणि ती लिहून दिली म्हणजे अपस्मार आहे असेही ठरत नाही.

या दोन औषधांचे जन्मही मोठे गमतीचे आहेत. व्हॅल्प्रोइक आम्ल प्रयोगशाळेत प्रथम तयार झाले ते १८८२ साली, आणि पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे त्याचा उपयोग एवढाच, की दुसरे पदार्थ त्यात विरघळवावयाचे. १९६२ च्या सुमारास फ्रान्समधील ग्रेनोबल येथे काही नव्या द्रव्यांची अपस्मारावर परीक्षा चालली होती. प्रत्येक द्रव्याला गुण येतो असे दिसू लागले, तेव्हा पिअर एमार यांच्या लक्षात आले की गुण द्रव्यांचा नसून ती ज्यात विरघळविली त्या द्रवाचा आहे. टोपिरामेटचा शोध १९७९ साली अमेरिकेत लागला. ब्रूस मॅरिऑनॉफ आणि त्यांचे सहकारी एका शर्करेपासून मधुमेहाचे औषध करू पाहत होते. हाती आले ते अपस्माराचे. अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी अमेरिकेच्या औषध नियामक खात्याने व्हॅल्प्रोएटला १९९६ साली आणि टोपिरामेटला २००४ साली मान्यता दिली.

गुण किती येतो? येथे अतिशयोक्ती करणे म्हणजे रोग्याची फसवणूक. २००४ साली टोपिरामेटच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत काहींना रोज १०० मिलिग्रॅम औषध दिले होते आणि काहींना दिसावयास तशीच, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळाले हे रोग्यासही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांसही नव्हते. औषध घेणाऱ्या शंभरांपैकी जवळजवळ पन्नास जणांचे झटके निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाले. खोट्या गोळीवरही शंभरात सुमारे तेवीस जणांना तेवढाच गुण आला! मनुष्याच्या आशेचा तो प्रताप होय. पण पन्नास आणि तेवीस यांत जे अंतर राहते, ते औषधाचे स्वतःचे. पुढे २०१३ साली कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी अशा सर्व चाचण्या एकत्र तपासल्या. टोपिरामेटने महिन्याला सरासरी एकाहून थोडे अधिक झटके कमी होतात, आणि व्हॅल्प्रोएटही गुणकारी आहे, असा त्यांचा निर्णय झाला. गॅबापेंटिन हे अपस्माराचेच तिसरे औषध मात्र त्या कसोटीस उतरले नाही. अपस्माराची सगळीच औषधे अर्धशिशीला चालतात असा नियम नाही, हे यावरून ध्यानात यावे.

महिन्याला एक-सव्वा झटका कमी होणे ही गोष्ट कोणाला क्षुल्लक वाटेल. पण ती सरासरी आहे. कोणाला काहीच फरक पडत नाही, तर कोणाचे आठ झटके दोनवर येतात. ज्या शिक्षिकेचे महिन्यातील आठ दिवस अंधाऱ्या खोलीत जात होते, तिला त्यांपैकी सहा दिवस परत मिळाले, तर ते दिवस तिच्या मुलांना मिळतात, वर्गाला मिळतात. आणि आपल्याला कोणता वाटा येणार, हे औषध नीट घेऊन पाहिल्याखेरीज कळत नाही.

‘नीट घेऊन’ या दोन शब्दांत पुष्कळ काही आहे. टोपिरामेट सहसा रात्री २५ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि दर आठवड्यास २५ ने वाढवीत दोन वेळांत मिळून दिवसाला १०० पर्यंत नेतात. कोणाला ५० मध्येच भागते. घाईने मात्रा वाढविली की त्रास वाढतो आणि रोगी औषध टाकतो. गुण यावयास दोन-तीन महिने लागतात. २००६ साली अमेरिकेत उंदीरवर्गीय प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की ही औषधे आठवड्यानुआठवडे रोज दिली तरच लेआवने पाहिलेल्या त्या लाटा कमी उठतात. एखाद्या दिवशी दिलेल्या मात्रेने काही होत नाही. तेव्हा डोके दुखू लागल्यावर ही गोळी तोंडात टाकणे व्यर्थ आहे, आणि आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणे हेही व्यर्थच. गुण आल्यास सहा महिने ते वर्षभर औषध चालवून मग डॉक्टर ते हळूहळू उतरवून पाहतात. एकदम बंद मात्र कधी करू नये. या काळात एका साध्या वहीत कोणत्या दिवशी डोके दुखले, किती वेळ आणि कोणती गोळी घेतली, एवढे लिहून ठेवावे. मेंदूविकाराच्या तज्ज्ञाला दाखविण्यासाठी आपल्यापैकी अनेकांना नांदेडची गाडी धरावी लागते. तेथे दहा मिनिटांच्या भेटीत ही वही जे सांगेल, ते आठवणीतून सांगता येत नाही.

आता भ्यावयाच्या गोष्टींकडे वळू. चाचण्यांत टोपिरामेट घेणाऱ्या सुमारे चौघांपैकी एकाने त्रासामुळे औषध सोडले, हे लपवून चालणार नाही. शरीरात कार्बोनिक अॅनहायड्रेज नावाचे एक पाचकद्रव्यासारखे द्रव्य आहे. आम्ल व क्षार यांचा तोल राखण्याचे काम ते करते. टोपिरामेट त्यास काहीसे अडविते, आणि औषधाच्या बऱ्याच खोड्या त्यातून निघतात. सुमारे निम्म्या लोकांच्या हातापायांस मुंग्या येतात. त्या निरुपद्रवी असतात व बहुधा कमी होत जातात. सोडावॉटर बेचव लागते. मूत्रात खडे धरण्याची प्रवृत्ती वाढते. शंभरात एक-दोघांना मुतखडा होतो. आणि घाम कमी येतो.

शेवटच्या या दोन गोष्टी थंड देशातील पुस्तकात एका ओळीत येऊन जातात. मराठवाड्यात त्यांना निराळे महत्त्व आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा बेचाळिसाच्या वर जातो. त्याच्या आधीपासून वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत हळद काढणे, शिजविणे, उन्हात वाळविणे चालू असते. वरून ऊन आणि शेजारी वाफेची धग. अशा वेळी घाम हाच शरीराचा एकमेव पंखा. तो मंदावला तर अंग तापते, गरगरते आणि उष्माघातापर्यंत मजल जाऊ शकते. घाम आटण्याचा हा दोष मुलांत अधिक दिसला असला, तरी प्रौढांतही त्याची नोंद आहे. पाणी कमी प्यायल्याने खड्याचा धोका वाढतो तो वेगळाच. आणि ज्याला पूर्वी मुतखडा झाला आहे त्याने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवूच नये. म्हणून ही गोळी घेणाऱ्याने उन्हाळ्यात पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा, लघवी पिवळी होऊ देऊ नये, भर दुपारचे काम सकाळ-संध्याकाळवर ढकलावे, आणि अंग कोरडे राहून तापत असेल तर सावलीत येऊन अंगावर पाणी घ्यावे व दवाखाना गाठावा. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून प्यावयास सांगितले आहे, त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांस विचारावे. एकादशीला नरसीस पायी जाणारा अर्धशिशीचा रोगी तर दुहेरी संकटात असतो. निर्जळ उपास आणि ऊन ही दोन्ही झटक्याची निमित्ते, आणि गोळी चालू असेल तर वर हा धोका. देव पाण्याला नको म्हणत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आणखी काही खोड्या सांगितल्याच पाहिजेत. काहींचा शब्द ओठांवर येऊन अडकतो, लक्ष लागत नाही. वकील, शिक्षक, हिशेबनीस यांना हे फार जाचते. मात्रा कमी केली किंवा औषध उतरविले की ते जाते. भूक मंदावून वजन उतरते. स्थूल माणसास ते इष्ट, आधीच किडकिडीत असलेल्यास अनिष्ट. फार क्वचित, बहुधा पहिल्या महिन्यात, डोळा एकाएकी दुखू लागून दिसणे अंधुक होते. तसे झाल्यास त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, कारण उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. मन फार खिन्न होऊ लागले, जीव नकोसा वाटू लागला, तर तेही घरच्यांना व डॉक्टरांना लगेच सांगावे. व्हॅल्प्रोएटने याउलट वजन वाढते, केस गळतात, हात थरथरतात. आणि यकृतावर त्याचा परिणाम होऊ शकतो.

परंतु या साऱ्यांहून मोठी गोष्ट पुढेच आहे. अर्धशिशी स्त्रियांना अधिक आणि ती ज्या वयात अधिक, तेच मुले होण्याचे वय. गर्भारपणी व्हॅल्प्रोएट पोटात गेल्यास शंभरांपैकी सुमारे दहा बालके पाठीच्या कण्याच्या, हृदयाच्या वा ओठ-टाळूच्या व्यंगासह जन्मतात, आणि तीस ते चाळीस जणांची बुद्धी, वाचा वा वागणूक यांची वाढ मागे पडते. अपस्मारात कधीकधी दुसरा इलाजच नसतो, आणि तेथे डॉक्टर फार विचाराने निर्णय घेतात. पण अर्धशिशीने जीव जात नाही, आणि तिला दुसरी औषधे आहेत. म्हणून गर्भारपणी अर्धशिशीसाठी व्हॅल्प्रोएट देऊ नये असे अमेरिकेने २०१३ साली स्पष्ट बजावले. टोपिरामेटही निर्दोष नाही. त्याने बाळाचा ओठ वा टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो, बाळाचे वजन कमी भरते. आणि मुलाच्या बौद्धिक वाढीविषयीची शंका बळावल्यावर युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२३ साली त्यावरही कडक बंधने घातली. गर्भारपणी अर्धशिशीसाठी ते घ्यावयाचे नाही, आणि मूल होऊ शकणाऱ्या स्त्रीने ते घेताना खात्रीचे संततिनियमन केलेच पाहिजे, असा तो दंडक आहे. त्यातही एक मेख आहे. टोपिरामेटची मात्रा मोठी असली तर गर्भनिरोधक गोळीचा जोर कमी होतो. तेव्हा केवळ त्या गोळीवर विसंबून न राहता डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरे साधन योजावे.

गर्भाचे अवयव घडू लागतात ते पाळी चुकल्याचे लक्षात येण्याच्या सुमारासच. ‘दिवस गेले की गोळी बंद करू’ हा हिशेब म्हणून उपयोगाचा नाही. विचार आधी व्हावा लागतो. आपल्याकडे अडचण निराळीच येते. मुलगी डॉक्टरांपुढे वडिलांबरोबर येते, सून सासूबाईंबरोबर येते, आणि लग्न, पाळी, मूल हे शब्द तेथे उच्चारले जात नाहीत. डॉक्टरांनी विचारले पाहिजेच. पण त्यांनी न विचारल्यास बाईने स्वतः सांगावे, “डॉक्टर, माझे लग्न ठरले आहे, ही गोळी चालेल का?” एवढे एक वाक्य बोलण्याचे धैर्य तिला यावे म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी तिच्या पाठीशी उभे राहावे. अशा वेळी डॉक्टर प्रोप्रॅनोलॉल, अॅमिट्रिप्टिलीन यांसारख्या अन्य औषधांचा विचार करतात. दमेकऱ्यास प्रोप्रॅनोलॉल वर्ज्य, ज्याला झोप आवरत नाही त्यास अॅमिट्रिप्टिलीन गैरसोयीचे. औषध निवडावयाचे ते रोगाबरोबरच माणूसही पाहून.

राहता राहिली नावाची भीती. ती केवळ अज्ञानातून आलेली नाही. तिला कायद्याचाही आधार होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली जी दुरुस्ती झाली, तिने वारंवार येणारे अपस्माराचे झटके ही विवाहास बाध आणणारी गोष्ट ठरविली आणि अपस्मार वेडाच्या शेजारी नेऊन बसविला. १९९९ साली संसदेने तो शब्द कायद्यातून काढून टाकला. त्याच वर्षी १ मे रोजी परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा जन्मास आला. जिल्ह्याच्या जन्मवर्षीच कायद्याने जी अढी सोडली, ती आपल्या मनांनी अद्याप धरून ठेवावी, हे बरे नव्हे. अर्धशिशीची बाई ‘मला फिट नाही हो’ असे घाबरून सांगते, तेव्हा ज्याला खरोखर फिट येते त्या शेजाऱ्याच्या मनाला काय वाटत असेल? अपस्मार हाही मेंदूचा एक आजार आहे. बहुतेकांचा तो औषधाने आटोक्यात राहतो, आणि त्यांचे संसार, नोकऱ्या इतरांसारख्याच चालतात.

जाता जाता एक सावधगिरीची सूचना. डोकेदुखी एकाएकी वीज कोसळावी तशी उठली, तापाबरोबर मान आखडली, हातपाय लुळे पडले, वाचा बसली, डोक्याला मार लागल्यावर सुरू झाली, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच आली, तर तिला अर्धशिशी समजून घरी बसू नये. सरळ रुग्णालय गाठावे. एरवीच्या नेहमीच्या अर्धशिशीस मात्र वेळेवर जेवण, वेळेवर झोप, पुरेसे पाणी ही तीन पथ्ये सर्वांत स्वस्त. पहाटेच्या दूध-जिलेबीला शास्त्राचा पुरावा नाही. तरी रिकाम्या पोटी उन्हाला सामोरे जाऊ नये, हा तिच्यातला अर्थ खोटा नाही.

आणि पथ्याने भागले नाही, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, तर दुकानातून परतताना तिच्यावर कोणत्या रोगाचे नाव आहे हे पाहत बसू नये. मला दिवस जाण्याचा संभव आहे का? मला मुतखडा, दमा वा डोळ्यांचा विकार झाला आहे का? मी उन्हात राबणार आहे का? हे प्रश्न स्वतःस विचारावेत, आणि त्यांची उत्तरे चिठ्ठी लिहिली जाण्यापूर्वीच डॉक्टरांच्या कानी घालावीत.